परत न येणारे रुग्ण

प्रतिरुग्णाला घाम फुटला तेव्हा डॉ. शैलजा बिराजदारला त्याची दया यायला हवी होती. आली ती किळस. घाम ग्लिसरीनचा होता. कपाळावरच्या बारीक छिद्रांतून तो पाझरे, कानामागे साठे, आणि सकाळपासून हात लावून गेलेल्या परीक्षार्थींच्या बोटांचा मळ मिसळून त्याची करडी, चिकट रेघ मानेपर्यंत उतरली होती. शेजारी कापसाचा बोळा ठेवलेला होता. पण घाम पुसण्याला गुण नव्हते, त्यामुळे कुणी पुसत नव्हते.

लातूरच्या ‘सिद्धी वैद्यक अकादमी’ची ही सराव-प्रयोगशाळा. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेवर सिलिकॉनचा एक देह आणि उशाशी पडदा. प्रतिरुग्ण म्हणजे नुसता बाहुला नव्हे. राज्यभरातल्या खऱ्या रुग्णांच्या नोंदी गिळून तयार झालेले एक प्रचंड रोगप्रारूप त्याच्या आत चाले. त्याची नाडी, त्याचा रक्तदाब, त्याचे कण्हणे, सगळे त्यातूनच यायचे. औषध दिले की खऱ्या रुग्णाचे जे होते ते त्याचे झालेले काही मिनिटांत दिसायचे. फिजिशियनचा परवाना टिकवायचा तर आता दर काही वर्षांनी अशा खाटेपाशी बसून निदान आणि उपचार करून दाखवावे लागत. अकादमी त्याचा सराव घेई.

समोरचे आजोबा दोन दिवसांपासून जेवत नव्हते आणि गप्प गप्प होते, एवढीच तक्रार. ताप नाही, खोकला नाही. शैलजाने त्यांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, श्वास मोजले. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात जंतू भिनले तरी कधी कधी तापच येत नाही, तो नुसता मलूल होतो, हे तिने आपल्या दवाखान्यात किती वेळा पाहिले होते याची गणतीच नव्हती. तिने रक्त आणि लघवीची तपासणी सांगितली. पडद्यावर तांबडी पट्टी उमटली: अनावश्यक तपासणी, उणे दोन. तिने दातओठ खाऊन प्रतिजैविक सुरू केले. आजोबांच्या गालांवर रंग चढला, त्यांनी डोळे उघडले आणि रबरी ओठ हलवत विचारले, “परत कधी येऊ?”

मागे उभी असलेली तरुण पोरे हसली. पडदा लालभडक झाला. उपचार अयशस्वी.

“परत येऊ म्हणाला की समजायचं, केस गेली,” अकादमीचे संचालक डॉ. अभय सगरे म्हणाले. सगरे सर एकेकाळी बरे डॉक्टर होते म्हणतात. आता बोलताना ते गळ्यातल्या माइकची तार बोटाभोवती गुंडाळत आणि प्रत्येक वाक्य पाठ करून घेण्यासाठी दोनदा म्हणत. “वय सत्तरच्या वर, ताप नाही, जेवण नाही. वार्धक्यजन्य अशक्तपणा. टॉनिक, आणि घरी. टॉनिक, आणि घरी. मॅडम, तुम्ही रुग्ण बघत बसता. प्रश्न बघा.”

शैलजाच्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षे जिने रुग्णच बघितले तिला हा माणूस, रुग्ण बघू नका, हे शिकवत होता, आणि तिला ते मुकाट्याने ऐकून घ्यावे लागत होते.

कारण तिचा दिवा लाल होता. नव्या नियमानुसार प्रत्येक दवाखान्याच्या दारावर गुणांकदिवा लावलेला असे. ज्याचे उपचार यशस्वी ठरत त्याचा हिरवा, ज्याचे फसत त्याचा लाल. मांजरखेड गावातल्या शैलजाच्या दवाखान्यावरचा दिवा वर्षभर लालच होता. जिल्ह्यात तिच्याइतका वाईट गुणांक दुसऱ्या कुणाचा नव्हता. कसा, ते तिला काही केल्या कळत नव्हते, कारण तिचे रुग्ण तर बरे दिसत होते. लाल दिव्याच्या जुन्या डॉक्टरला ज्येष्ठांची फेरपरीक्षा देणे भाग होते. नापास झाली तर परवाना जाणार आणि दवाखाना बंद होणार. मांजरखेडात आणि आसपासच्या गावांत दुसरा फिजिशियन नव्हता. लोकांना मग ग्रामपंचायतीच्या ओट्यावरच्या निदानयंत्रासमोर उभे राहावे लागले असते, आणि त्या यंत्रातही हेच रोगप्रारूप होते.

त्या संध्याकाळी बसने गावी परतताना तिला आजोबांचे ते ‘परत कधी येऊ’ राहून राहून आठवत होते. दवाखान्यात हे शब्द ती रोज ऐकत असे. त्यातही छबूबाईंच्या तोंडून.

छबूबाई सूर्यवंशी पिठाची गिरणी चालवायच्या. साठीच्या आतबाहेरच्या, मधुमेही, भुवयांवर कायम पिठाचा थर. गेल्या दिवाळीच्या आधी त्या दवाखान्यात आल्या त्या हनुवटी तळहातात धरूनच. “जबडा लई आवघडलाय, बाई. कसंनुसं होतंय,” एवढेच म्हणाल्या. छातीत दुखत नव्हते. मळमळ होती, आणि पाऊल उचलवत नाही असा थकवा. नसरीन सिस्टरला वाटले दाढ असेल. शैलजाने त्यांचा ओला झालेला पदर पाहिला आणि ईसीजी काढला. हृदयविकाराचा झटका होता. मधुमेह असलेल्या बायकांत तो असाच, चोरपावलांनी येतो. तिने तिथल्या तिथे रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले आणि स्वतः रुग्णवाहिकेत बसून त्यांना लातूरला नेले. तिथे त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला.

तेव्हापासून छबूबाई दर महिन्याला यायच्या. शैलजाने त्यांना एकच गोष्ट बजावून ठेवली होती: रक्त पातळ ठेवणाऱ्या या दोन गोळ्या वर्षभर एक दिवसही चुकवायच्या नाहीत. चुकवल्या तर स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होईल आणि मग इथवर यायलाही वेळ मिळणार नाही. छबूबाई मान डोलवायच्या, नोंदीप्रमाणे औषधकेंद्रातून परस्पर भरून येणारे गोळ्यांचे सीलबंद पाकीट पिशवीत टाकायच्या आणि दारात वळून विचारायच्या, “परत कधी येऊ, बाई?”

“पुढच्या महिन्यात या,” शैलजा म्हणायची.

अकादमीत परीक्षेआधी एक मार्गदर्शनसत्र होते, त्यासाठी पुण्याहून डॉ. यशोधन पाध्ये आले. रोगप्रारूप ज्यांनी बांधले त्यांपैकी ते एक. सौम्य बोलणारा, कपड्यांवर एकही सुरकुती नसलेला माणूस. सत्र संपल्यावर शैलजाने त्यांना प्रयोगशाळेतच गाठले. त्या गप्प गप्प आजोबांच्या खाटेपाशी दोघे उभे राहिले. तिने सरळ विचारले की टॉनिकने हे आजोबा बरे होतात हे तुमच्या प्रारूपाला सांगितले कुणी.

पाध्ये म्हणाले की कुणी सांगितलेले नाही, प्रारूप नोंदींवरून स्वतः शिकते. अशा म्हाताऱ्यांच्या हजारो नोंदी आहेत. बहुतेक डॉक्टरांनी टॉनिक लिहिले आणि घरी पाठवले. त्यांतले जवळजवळ सगळे बरे झाले.

“बरे झाले हे कशावरून?”

“महिन्याभरात रुग्ण त्याच तक्रारीसाठी परत आला नाही, की उपचार यशस्वी. परत आला, की अयशस्वी. याहून सोपी आणि निःपक्षपाती कसोटी नाही.”

“आणि मेला तर?”

“रुग्णालयात मेला तर त्याची नोंद होते, अर्थातच.”

“घरी मेला तर?”

पाध्यांनी चष्मा काढून पुसला. “घरी मेला तर तो परत येत नाही,” ते म्हणाले.

शैलजाला वाटले आपल्या तोंडात कुणीतरी मळके फडके कोंबले. पाध्ये पुढे समजावत राहिले. घरच्या मृत्यूंची नोंद दुसऱ्या खात्याकडे असते, खासगीपणाच्या कायद्यामुळे दोन नोंदी जोडता येत नाहीत, त्रुटी आहे हे त्यांना मान्य होते, पण एकूण पसाऱ्यात ती फार लहान होती. ते हे सगळे कमालीच्या मृदू आवाजात सांगत होते, आणि त्या मृदूपणाचीच तिला शिसारी आली. तिला दिसत होते ते असे: डॉक्टर टॉनिक देतो, म्हातारा घरी जाऊन मरतो, प्रारूप त्याला बरा झाला म्हणते, परीक्षा नव्या डॉक्टरला टॉनिक द्यायला शिकवते, आणि तो आणखी म्हाताऱ्यांना बरे करतो.

“माझे रुग्ण परत येतात,” ती म्हणाली. “मी वाचवते, म्हणून तपासायला बोलावते, म्हणून येतात.”

“म्हणूनच तुमचा दिवा लाल आहे,” पाध्ये म्हणाले. त्यांच्या स्वरात उपहास नव्हता, उलट सहानुभूती होती. “पण यावर उपाय केलेला आहे. ज्येष्ठांची फेरपरीक्षा त्यासाठीच आहे. डॉक्टर एक म्हणतो आणि प्रारूप दुसरं म्हणतं, अशा प्रत्येक ठिकाणी आम्ही वाद नोंदवतो. तुमच्या परीक्षेतले प्रश्न त्या वादांतूनच काढतो. अनुभवी डॉक्टरनं उत्तर दिलं की वाद मिटतो. प्रारूप सुधारायची हीच वाट आहे.”

“आणि प्रारूपाच्या विरुद्ध उत्तर दिलं तर गुण मिळतात?”

पाध्यांनी घड्याळाकडे पाहिले. गुण द्यायला काहीतरी उत्तरपत्रिका लागतेच ना, असे काहीतरी ते पुटपुटले, आणि सगरे सर त्यांना चहाला घेऊन गेले.

शैलजा त्या रात्री जेवली नाही. नवरा वारल्यापासून ती दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एकटीच राहत असे. परीक्षा द्यायचीच नाही, असे एकदा तिच्या मनाने घेतले. मग सकाळी खिडकीतून तिने खाली पाहिले तर पायऱ्यांवर नेहमीसारखी माणसे बसलेली होती. दम्याची, रक्तदाबाची, साखरेची, कुणाची पोटात पाणी झालेली बायको. दारावरचा दिवा लाल आहे हे त्यांना दिसत होते आणि तरी ती आली होती. तिने स्वतःशी हिशेब मांडला की एका परीक्षेपुरते खोटे बोलायचे, परवाना घ्यायचा, आणि खाली येऊन खरे उपचार करायचे. सिलिकॉनच्या बाहुल्याला चुकीची गोळी दिल्याने कुणी मरत नाही. हिशेब चोख होता. निदान तेव्हा तरी तसा वाटला.

मग ती सगरे सरांच्या तालमीत मनापासून उतरली. ती हुशार होती, त्यामुळे हे शिकणेही तिला जड गेले नाही, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त वीट आला. चेहरा बघायचा नाही. नाडी धरायची नाही, कारण नाडी धरली की शंका येते आणि शंका आली की तपासणी सुचते. रुग्ण तोंड उघडेपर्यंत उत्तर तयार पाहिजे. गप्प म्हातारा म्हणजे टॉनिक, डोके दुखणारी सून म्हणजे ताणतणाव, पाय सुजलेली बाई म्हणजे मीठ कमी. तिचे गुण वर चढत गेले. बरे होऊन डोळे मिटणारे प्रतिरुग्ण पाहून पोरे आता तिच्यासाठी टाळ्या वाजवत, आणि ती घरी जाऊन कोपरापर्यंत हात धुई.

परीक्षेच्या दिवशी पहिल्या खाटांवर काही अडले नाही. शेवटच्या खाटेवर एक बाई होती. पडद्यावर माहिती आली: वय अठ्ठावन्न, मधुमेह, व्यवसाय पिठाची गिरणी.

मराठवाड्यात पिठाच्या गिरण्या काय कमी आहेत, असे शैलजाने स्वतःला सांगितले.

“जबडा लई आवघडलाय, बाई,” बाहुली म्हणाली. “कसंनुसं होतंय.”

प्रारूप खऱ्या नोंदींतून शब्द उचलते हे तिला माहीत होते. कुणाचे ना कुणाचे शब्द ते असणारच, छबूबाईंचेही असतील. बाहुलीच्या कपाळावर ग्लिसरीन दाटून आले. भुवया मात्र स्वच्छ होत्या, त्यांवर पीठ नव्हते. शैलजाचे बोट ईसीजीच्या कळीपर्यंत गेले. समोर बसलेल्या निरीक्षकाने जांभई दिली. ईसीजी काढला तर उणे, झटक्याचे निदान केले तर नापास, आणि नापास म्हणजे त्या पायऱ्यांवरची सगळी माणसे ओट्यावरच्या यंत्रापुढे. तिने बोट मागे घेतले आणि उत्तर नोंदवले: आम्लपित्त आणि चिंता, जेवणापूर्वी घ्यायची गोळी, पुढील भेटीची गरज नाही.

बाहुलीने समाधानाने सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले. पडदा हिरवा झाला. खाली एक ओळ चमकून गेली, वाद निकाली, पण तोवर शैलजा उठून बेसिनकडे निघालेली होती.

ती ज्येष्ठांत जिल्ह्यात पहिली आली. सगरे सरांनी चौकात तिचा फ्लेक्स लावला. फोटोत तिच्या गळ्यात कुठलासा दुसराच स्टेथोस्कोप चिकटवलेला होता आणि खाली लिहिले होते, अनुभवालाही सिद्धीची जोड. सत्काराला यायलाच पाहिजे असा त्यांनी धोशा लावला. नाही म्हणणे तिला जमले नाही. त्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ती लातूरला गेली, शाल घेतली, आणि नव्या तुकडीसमोर चार कौतुकाचे शब्दही बोलली. बोलताना आपलाच आवाज आपल्याला सगरेंसारखा ऐकू येतो आहे हे तिच्या लक्षात आले.

गावात मात्र सगळे सुरळीत झाले. ती पूर्वीसारखीच नाडी धरून बसू लागली, हव्या त्या तपासण्या करू लागली. पुढल्याच महिन्यात एका सकाळी नसरीन धावत वर आली. दारावरचा दिवा हिरवा झाला होता. नसरीनने त्याला हळदकुंकू लावायचे तेवढे बाकी ठेवले होते. पायऱ्यांवरच्या लोकांना तिने पेढे वाटले.

शैलजाला आनंद झाला, आणि मग त्या आनंदात मिठाचा खडा पडला. तिचे रुग्ण तर अजूनही परत येत होते. मग गुणांक सुधारला कशाने? तिने नसरीनला विचारले की हल्ली कोण यायचे थांबले आहे. नसरीनने थोडा विचार केला आणि म्हणाली, छबूबाई या महिन्यात दिसल्या नाहीत.

“मागच्या महिन्यात आल्या होत्या?”

आल्या होत्या, नसरीन म्हणाली. म्याडम सत्काराला गेल्या त्याच दिवशी. औषधकेंद्राकडून त्यांचे सीलबंद पाकीट आलेले होते, ते तिने दिले. या वेळी पाकीट बारीक होते, आत एकच गोळी होती, जेवणाआधी घ्यायची. तिला जरा नवल वाटले होते, पण पाकिटावर म्याडमचे नाव आणि परवाना क्रमांक होता. म्याडमनीच बदलले असणार, असे ती आणि छबूबाई दोघीही म्हणाल्या.

शैलजाने गिरणीवर फोन लावला. गिरणीचा आवाज येत नव्हता. छबूबाईंचा मुलगा बालाजी बोलला.

“आई गेली, म्याडम. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. तेराव्यालाबी गडबड होती.”

तिने विचारले, काय झाले होते.

“जबडा धरून बसली सांजच्याला. आमी म्हणलं दवाखान्यात जाऊ, तर नगं म्हणली. बाईनी जुन्या गोळ्या बंद केल्या, परत यायचंबी लिवलं नाही, म्हंजी मी बरी झाले, म्हणली. तुमची ती नवी गोळी घेतली आन् आडवी झाली. तुमचं लई नाव घ्यायची, म्याडम.”

शैलजाने फोन ठेवला. मग तिने पाध्यांना फोन केला. ते नेहमीसारखेच सौम्य होते. त्यांनी प्रकरण उघडून पाहिले आणि न अडखळता सांगितले. वाद तिच्याच रुग्णाचा होता. डॉक्टर म्हणत होती झटका, प्रारूप म्हणत होते आम्लपित्त, आणि ही बाई दर महिन्याला परत येत होती, म्हणजे डॉक्टरचा उपचार फसलेला दिसत होता. म्हणून ते प्रकरण डॉक्टरच्याच परीक्षेत घातले. तिथे डॉक्टरने स्वतः आम्लपित्त हे उत्तर दिले. वाद मिटला. मूळ नोंद त्याप्रमाणे दुरुस्त झाली, झटका खोडला गेला, अनावश्यक गोळ्या थांबल्या.

“रुग्णालयाची नोंद होती. स्टेंट होता तिच्या छातीत.”

“दुसऱ्या संस्थेची नोंद होती ती. उपचार करणाऱ्या डॉक्टरचं मत त्याच्या वर धरतात. तुमच्या मताला मान मिळावा म्हणूनच तसा नियम आहे.”

शैलजाने विचारले, “मी ठाम राहिले असते तर?”

“नापास झाला असता.”

“ते मला माहीत आहे. तिचं काय झालं असतं?”

“नापासाचं उत्तर आम्ही धरत नाही. वाद तसाच पडून राहिला असता. आणि वाद मिटेपर्यंत जुने उपचार चालू ठेवतात.” मग त्यांनी विचारले की रुग्णाला काही त्रास आहे का.

ती मेली, शैलजाने सांगितले. घरी. तेवढी तरी नोंद करा.

त्यांना मनापासून वाईट वाटले. पण घरचे मृत्यू या प्रणालीच्या कक्षेत येत नाहीत, हे त्यांनी पूर्वीच सांगितलेले होते. या प्रणालीपुरत्या छबूबाई सूर्यवंशी पूर्ण बऱ्या झालेल्या होत्या. मिटलेल्या वादाला गुणांकात सर्वांत जास्त वजन असे, आणि तिचा दिवा हिरवा झाला होता तो त्यामुळेच.

शैलजा खाली आली. तिने खुर्ची ओढून तिच्यावर चढून दिव्याची तार हिसकली. दिवा विझला नाही, त्याच्या आत बॅटरी होती. पायऱ्यांवरची माणसे बघत राहिली. नसरीनने तिचा हात धरून तिला खाली उतरवले. त्या दिवशीचे रुग्ण शैलजाने तपासले, एकेकाचे पाकीट फोडून आतली गोळी न् गोळी पाहिली, आणि दुपारच्या बसने ती लातूरला गेली.

हॉलमध्ये नवी तुकडी होती. सगरे सर तिला पाहून खूश झाले. तिची केस सराव-संचात आली आहे म्हणाले. मिटलेला वाद म्हणजे पक्के उत्तर, शिकवायला सर्वांत सोयीचे. आता ती रोज सगळ्या तुकड्यांना देतात, एकही गुण जात नाही.

मधल्या खाटेपाशी रांग लागली होती. पुढचा मुलगा बसला. बाहुलीने तोंड उघडले, “जबडा लई...” आणि तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत त्याने गोळी दिली. बाहुलीने डोळे मिटले, पडदा हिरवा झाला. मुलगा उठला, दुसरा बसला. बाहुलीने पुन्हा डोळे उघडले. छबूबाई इथे सकाळपासून मरत होत्या आणि दर वेळी बऱ्या होत होत्या, आणि एकाही मुलाने अजून त्यांचे वाक्य पुरे ऐकलेले नव्हते.

शैलजा रांगेच्या पुढे गेली आणि खाटेच्या कडेला बसली. पोरांनी वाट करून दिली, फ्लेक्सवरची बाई सगळे ओळखत होते.

“जबडा लई आवघडलाय, बाई. कसंनुसं होतंय.”

“कधीपासून?” शैलजाने विचारले आणि तिचे मनगट हातात घेतले. रबर कोमट होते. मग तिने ईसीजी काढला. उणे दोन. तिने ॲस्पिरिन दिली, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले. उणे, उणे. तांबड्या पट्ट्या एकीखाली एक उमटत गेल्या. मागे सगरे सर माइक बंद करून तिला दबक्या आवाजात सांगत होते की मॅडम, पोरांसमोर हे बरे दिसत नाही, आणि असे उलटे उत्तर नोंदले गेले तर वाद पुन्हा उघडेल, परवान्याचा प्रश्न येईल. उघडू द्या, ती म्हणाली, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या वर्षभरासाठी लिहिल्या.

बाहुलीच्या ओठांवर हळूहळू रंग आला. तिने डोळे उघडले, मान जराशी वळवली.

“परत कधी येऊ, बाई?”

पडदा लाल झाला. उपचार अयशस्वी.

“पुढच्या महिन्यात या,” शैलजा म्हणाली. तिने शेजारचा कापूस उचलला आणि छबूबाईंच्या कपाळावरचा घाम पुसला.